पाचव्या माळेला उतरवलेला घट

अध्यक्ष, माझ्या नवऱ्याला तुम्ही मारायला निघाला होतात. हार घालून, उदबत्त्या ओवाळून, भोंग्यावरून त्याचा जयजयकार करत. देवस्थानचे अध्यक्ष एवढंच म्हणेन, तुमचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही वकील गाठाल, भांडण नावाचं होईल आणि लघवीचं राहून जाईल. मला लघवीबद्दलच बोलायचं आहे. ज्याला किळस वाटते त्यानं इथंच पान उलटावं.

ललितापंचमीची सकाळ होती. देवळाच्या मंडपात माझा नवरा, भागवत कुंभार, फळीवर उताणा निजलेला. छातीवर मातीची टोपली, टोपलीत घट, घटाभोवती बोटभर उगवलेलं धान. पहिल्या माळेपासून तो असा पडून होता आणि दसऱ्यापर्यंत पडून राहायचा होता. बाहेर रांग पार पिंपळाच्या पारापर्यंत गेलेली. आणि तुम्ही माइक तोंडाशी धरून सांगत होतात, "माउलींनो, भागवत महाराज पहिल्या माळेपासून जागचे हललेले नाहीत! अन्न नाही, पाणी नाही, लघवीलासुद्धा उठले नाहीत! ही आईची सत्ता!"

मी त्या वेळी पडद्याआड होते. रोज सकाळी पूजेच्या नावाखाली पडदा ओढला जायचा. मी आत जायची, गोधडीखाली सुगडं धरायची, भरलं की पदराखाली झाकून मागच्या दारानं बाहेर नेऊन चिंचेच्या बुडाशी ओतायची. तुमच्या चमत्काराची ही आतली बाजू. तुम्हाला ठाऊक नव्हती असं म्हणू नका. पडदा तुम्हीच ओढायचात.

त्या सकाळी सुगडं कोरडं राहिलं.

"होईना?" मी हळूच विचारलं.

भागवतनं मान हलवली. ओठ पांढरे पडले होते.

आदल्या सकाळी चार थेंब आले होते, तेही लाल. ते बघून माझी नणंद, गिरजाक्का, दोन्ही हात जोडून म्हणाली होती, "कुंकू पडलं गं महाराजांच्या अंगातून!" सख्ख्या धाकट्या भावाला ती महाराज म्हणायला लागली होती. मी गोधडी सारली. बेंबीखाली पोट पालथ्या मडक्यासारखं टणक आणि गोल झालं होतं. बोट टेकवलं तर त्यानं उपरण्याचं टोक दातात धरलं.

हे दुखणं काही त्या दिवसाचं नव्हतं. दोन-तीन वर्षं तो ते अंगावर काढत होता. उभा राहून लघवीला गेला की धार मध्येच तुटायची, कुणी आतून बोळा कोंबावा तशी. मग चुळबुळ करायचा, कण्हायचा, भिंतीला डोकं टेकवायचा. मी कुळथाचं पाणी पाजलं, पानफुटीची पानं चावायला दिली. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचा, "चिखलात बसणाऱ्याला गारठा धरायचाच." मग एका नवरात्रात देवळाला घट पोचवायला गेला, तिथं कळ आली म्हणून मंडपातच उताणा पडला, आणि अडलेली लघवी सुटली. धोतर ओलं झालं, पण गडी हसत घरी आला.

"प्रयाग, आईच्या पायाशी निजलो अन् मोकळा झालो!"

ही गोष्ट तुमच्या कानावर गेली. छातीवर घट घेणारा म्हातारा गुरव वारल्यापासून तुमच्या मंडपात नवरात्रातसुद्धा शेळ्या बसत होत्या. तुम्हाला एक छाती हवी होती. तुम्ही आमच्या अंगणात आलात, चाकाशेजारी उकिडवे बसलात आणि म्हणालात, "भागवत, ही हाक आहे. उभ्यानं अडवते, निजवून सोडवते. याचा अर्थ तिला तू निजलेला पाहिजेस."

काय डोकं! असलं तर्कट गावात दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. आणि भागवतला ते पटलं, कारण खरंच निजलं की त्याला बरं वाटायचं. घरीसुद्धा. "मनात आईचे पाय आणतो, मग होतं," असं मला सांगायचा. पहिल्या वर्षी तो नऊ माळा सुखानं निजला. गर्दी जमली, मंडपाला फरशी बसली. दुसऱ्या वर्षी तुम्हाला चमत्कार वाढवायचा होता. गेल्या खेपेला तांब्याभर पाणी चालत होतं, या खेपेला तुम्ही ते तळहातभर तीर्थावर आणलंत. आश्विनातलं ऊन, वर पत्रे, आणि खाली माझा माणूस.

मी पडद्याच्या फटीतून तुम्हाला हाक मारली. तुम्ही माइक बंद करून तो हातात घेऊनच आत आलात.

"अध्यक्ष, ह्यांना लघवी होईना. पोट फुगलंय. गाडी बघा."

"होईना म्हणजे? अजिबात?"

"थेंब न्हाई."

मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. तिथं काळजी आली नाही. हिशोब जुळल्यावर येतो तसा निवांतपणा आला.

"मग चांगलंच झालं की, प्रयागबाई," तुम्ही म्हणालात. "दोन वर्षं आपण लोकांना जे सांगतोय, ते आज खरं झालं."

"माणूस मरंल ओ."

"घटापुढं अभद्र बोलू नये. चार माळा तर राहिल्यात. आई सोडवेल. याच्या आधी सोडवलं का नाही तिनं?"

"याच्या आधी सुगडं भरत हुतं."

"हळू बोला! बाहेर लोक आहेत."

गिरजाक्का फळीच्या उशाशी पंखा घेऊन बसली होती. तिच्या कपाळाला मळवट, गळ्यात कवड्यांची माळ. येणारे-जाणारे आधी भागवतच्या पाया पडायचे, मग तिच्या. ती माझ्यावर फिसकारली.

"तुला बघवंना. आमचा बा ह्या देवळाला मडकी द्यायला मागच्या दारानं यायचा. पंगत उठल्यावर त्याला वाढायचे, तेबी बाहेर. आज त्याच्या लेकाच्या पाया पाटील पडत्यात. तुला ते बघवंना!"

"अक्का," मी म्हटलं, "तुमच्या बाची मडकी मागच्या दारानं यायची, अन् तुमच्या भावाचं मूत मागच्या दारानं जातंय. सुधारणा एवढीच झाली."

"जीभ झडंल तुझी!"

"झडू दे. आधी ह्यांचं मोकळं होऊ दे."

तुम्ही दोन्ही हात वर केलेत, बैल आवरावेत तसे. "भागवतलाच विचारा. नवस त्याचा आहे."

म्हणजे कळ काढायचीही त्यानं आणि नको म्हणायचंही त्यानंच. तुम्ही नामानिराळे होऊन पुन्हा बाहेर माइकवर गेलात.

मी त्याच्याजवळ खाली बसले. तो वर पत्र्याकडं बघत होता. निजलेल्या माणसाचं रडणं गालावरून येत नाही, कानात उतरतं. त्याचे दोन्ही कान भरले होते.

"अक्काचं ऐक, प्रयाग," तो म्हणाला. "मधीच घट हलला तर गावाला वंगाळ. लोक आपल्या दारात थुंकतील."

"थुंकू द्या. तुमचं काय म्हणणं हाय ते सांगा. लोकांचं नको."

बाहेर कुणीतरी संबळ वाजवत होतं.

"हा घट मीच भाजलाय," तो पुटपुटला. "किती वजनाचा हाय ते मला ठावं हाय. पर आज... आज लई जड झालाय गं."

मला तेवढं पुरलं. मी उठले आणि पडदा सारला. तुमच्यासारखा हळूहळू नाही, दोरीसकट. पुढच्या रांगेतल्या बायांनी हात जोडलेले होते, ते तसेच राहिले. मी टोपलीला दोन्ही बाजूंनी हात घातला आणि माती, धान, घट, नारळ, सगळं त्याच्या छातीवरून उचललं.

"अगं बाई, घट हलवला!" कुणीतरी किंचाळलं.

तुम्ही धावत आलात. बरं झालं आलात. मी टोपली तुमच्याच हातात दिली.

"धरा. राहिलेल्या माळा तुम्ही निजा. सुगडं मी आणून देते. रोज सकाळी लागतं, ते ह्या सगळ्यांना सांगायचं राहिलं हुतं तुमचं."

टोपली झेलायच्या गडबडीत माइक तुमच्या काखेत अडकला होता, आणि तो चालू होता. सुगडं हा शब्द भोंग्यातून पिंपळापर्यंत गेला. रांगेत मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. तुम्हाला टोपली खाली ठेवता येईना, कारण हललेला घट जो जमिनीला टेकवील त्याच्या घरावर कोप होतो, हे तुम्हीच वर्षानुवर्षं सांगत आला होतात. तुम्ही तिथंच उभे राहिलात, टोपली धरून, घामाघूम. तेव्हा तुमच्या मदतीला एकही भक्त पुढं आला नाही. आम्ही गेल्यावर तुम्ही ती कुणाच्या गळ्यात मारलीत कुणास ठाऊक.

नारळ घेऊन आलेला बशीरचा टेम्पो मागं उभा होता. त्यानं काही विचारलं नाही. पोती सरकवून जागा केली.

"वैनी, ह्यांना पोत्यांवर निजवा. खड्डे चुकवीत नेतो."

"खड्डे चुकवायचे तर रस्ताच सोडावा लागंल, बशीर," भागवत कण्हत म्हणाला. एवढ्या कळांतही.

बार्शीला डॉक्टर बागवान म्हणून बाई होत्या, लघवीच्या आजारांच्या. बोलायला तिखट. भागवतच्या कपाळावरचा गुलाल, गळ्यातले हार बघून त्यांनी विचारलं, "लग्नातून आणलंत का?" पोटाला हात लावला आणि मग मात्र थट्टा बंद केली. खालून नळी जाईना. त्यांनी पोटाला भूल दिली आणि बेंबीखालून बारीक नळी आत घातली. पिशवीत तांबडं, गढूळ पाणी उतरायला लागलं. थांबेचना. भागवतनं डोळे मिटले आणि लहान मुलासारखा हुंदका दिला.

"आणखी उशीर केला असता तर किडन्या गेल्या असत्या," बाई म्हणाल्या. "ताप आहेच. पाणी का नाही प्यायलात?"

"नवरात्र हुतं."

"किडन्यांना कुणी सांगितलं होतं का?"

फोटो काढून झाल्यावर त्यांनी आम्हाला दोघांना समोर घेतलं. भागवतला त्यांनी विचारलं, "उभं राहिलं की धार तुटायची आणि आडवं झालं की सुटायची, असं व्हायचं का?"

भागवत माझ्याकडं बघायला लागला. मी त्याच्याकडं. आम्ही कुणीच त्यांना हे सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"तुमच्या चंचीत सुपारी आहे का? बारकी द्या."

मी दिली. त्यांनी पाण्याच्या अर्ध्या बाटलीत ती टाकली आणि बाटली बादलीवर उलटी धरली. सुपारी गळ्याशी येऊन बसली, पाणी तुटलं. मग बाटली आडवी करून जराशी कलती केली. सुपारी पोटाला घरंगळली, पाणी वाहिलं.

"हे तुमचं मूत्राशय, ही सुपारी म्हणजे मुतखडा. तुमचा सुपारीएवढा नाही, लिंबाएवढा आहे. उभे राहिलात की तोंडावर बसतो, निजलात की बाजूला होतो. या वेळी त्याचा एक बारका भाऊ घसरून नळीत रुतला, म्हणून निजूनही सुटेना."

भागवतनं बाटली हातात घेऊन पुन्हा उभी-आडवी करून बघितली.

"म्हंजी आई न्हवती?" भागवतनं विचारलं.

"आईचं मला माहीत नाही. खडा होता."

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. म्हणाला, "दोन वर्षं मी खड्यापुढं निजलो, प्रयाग."

मी त्याची पाठ चोळत बसले. आणि तेव्हा पहिल्यांदा मला देवीचा राग आला नाही, तुमचा आला. ती बिचारी काही म्हणालीच नव्हती. तिच्या तोंडचं सगळं तुम्हीच बोलला होतात.

ताप उतरल्यावर ऑपरेशन झालं. खडा का झाला, हेही बाईंनी सांगितलं. लघवीच्या वाटेवरची गाठ वयानं सुजते, वाट अरुंद होते, लघवी पुरती सुटत नाही, तळाला उरते. उरलेल्यात गाळ धरतो. ते ऐकून भागवत उठूनच बसला. "आमच्या हौदातबी असंच हुतं. गाळलेली माती सोडली अन् पाणी हलवलं न्हाई तर तळाला दगडावानी बसती."

"बरोब्बर. म्हणून गाठही काढली. आता पाणी प्यायचं, लघवी पांढरी राहील एवढं. दाबून धरायची नाही. धार बारीक झाली, तुटली, लाल आली, तर इथं यायचं. एवढा खडा कुळथाच्या पाण्यानं विरघळत नाही, तीर्थानंही नाही."

खडा त्यांनी प्लॅस्टिकच्या बरणीत घालून दिला. पिवळट, खडबडीत. ती बरणी खाटेजवळच्या स्टुलावर होती तेव्हा तुम्ही आलात. आठवतंय? नारळ, शाल, बरोबर गिरजाक्का. आमच्यावर रागावला असाल असं मला वाटलं होतं. पण तुम्ही गोड होतात.

"झालं गेलं आईला वाहिलं. भागवत, वाचलास. बघू तरी, काय निघालं ते?"

तुम्ही बरणी उजेडात धरलीत. कुणी सोनार दागिना बघतो तशी. मग संध्याकाळी बघते तर स्टुलावर नारळ होता आणि बरणी नव्हती. मला वाटलं, झाडलोट करणारीनं टाकून दिली असेल. चांगलं झालं, म्हटलं.

पुढच्या नवरात्रात कळलं. देवीच्या पायाशी चांदीची डबी, डबीत मखमल, मखमलीवर माझ्या नवऱ्याच्या पोटातला मुतखडा. भोंग्यावर तुमचा आवाज: "भक्ताच्या देहातून आईनं स्वतःच्या हातानं काढलेला हा प्रसाद!" स्वतःच्या हातानं! डॉक्टर बागवान ऐकायला हव्या होत्या. तो खडा धुऊन त्याचं पाणी लोकांना तीर्थ म्हणून देत होतात, आणि लोक डोळे मिटून पीत होते. ज्यांच्या घरी कुंभाराच्या हातचा चहा चालत नव्हता, त्यांनाही ते चालत होतं. मी देवळात जाऊन ओरडले. तुम्ही एवढंच म्हणालात, "घट हलवणारीचं ऐकायचं का, लोकहो?" त्यानंतर गावाचे घट आमच्याकडून जाणं बंद झालं. गिरजाक्का आता त्या डबीशेजारी बसते. भागवत रोपवाटिकांसाठी कुंड्या करतो, आपल्याच माठातलं पाणी पोटभर पितो आणि मला सांगतो, "सोड गं. आपण वाचलो ना?"

मी सोडलंही असतं.

पण गेल्या उन्हाळ्यात भागवतची तपासणी होती म्हणून आम्ही बार्शीला गेलो. बागवान बाईंच्या दवाखान्यात बाकाच्या टोकाला तुम्ही बसला होतात. टोपी नव्हती. उपरणं मांडीवर नीट पसरलेलं, आणि त्याच्या खालून बारीक नळी निघून बाकाखालच्या पिशवीत गेलेली. पिशवी अर्धी भरली होती. लालसर.

"अध्यक्ष, इकडं कुठं?" भागवतनंच विचारलं. भाबडा माणूस.

"एका पाहुण्याला बघायला आलोय," तुम्ही म्हणालात.

मी पिशवीकडं बघितलं. तुम्ही पायानं ती मागं ढकललीत. भागवत आत गेला तसे तुम्ही माझ्याकडं झुकलात.

"प्रयागबाई, गावात बोलायचं नाही. माणसाची काही इज्जत असते."

मी बोलले नाही. दुखणं कुणालाही येतं, आणि दुखण्यावरून माणसाला हिणवू नये एवढं मला कळतं. म्हणून गप्प बसले.

मग या नवरात्रात आमच्या दाराशी एक जीप थांबली. आत मागच्या बाकावर एक तरणाबांड माणूस आडवा, चेहरा सुजलेला. बायको रस्ता विचारायला उतरली होती. तिच्या हातात तुमच्या देवळातली तीर्थाची बाटली.

"आमच्या ह्यांना उभ्यानं अडतं अन् निजलं की सुटायचं," ती मला म्हणाली. "तुमच्या गावचं खड्याचं पाणी लई दिवस पाजलं. आता निजूनबी सुटंना. अध्यक्ष म्हणले, श्रद्धा कमी पडती, देवळात आणून निजवा."

मी त्यांना देवळाचा रस्ता दाखवला नाही. जीपमध्ये बसून बार्शीला गेले. बागवान बाईंनी नळी घातली, तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. त्याची एक किडनी कायमची गेली आहे, दुसरीचं सांगता येत नाही. त्याची बायको अजूनही ती बाटली धरून बसली होती. मी ती घेऊन मोरीत ओतली.

तर अध्यक्ष, आता मी गप्प बसणार नाही, आणि तुम्हालाही बसू देणार नाही. डबी तुमच्या देवळात होती, किल्ली तुमच्या कमरेला होती, आईची सत्ता तुम्ही रोज सांगत होतात. तुमची लघवी अडली त्या दिवशी त्या खड्याचं किती पाणी प्यालात? का एक घोटही न घेता थेट बार्शी गाठलीत? माइक तुमच्याच हातात असतो. या दसऱ्याला, रांग पिंपळापर्यंत गेलेली असताना, तो चालू करा आणि सांगा.